ओलावा संपलेली अरण्ये : ऑस्ट्रेलियातील २०१९-२० चा वणवा-हंगाम

वणवा काही तासांत किंवा दिवसांत घडून गेल्यासारखा दिसत असला, तरी त्याची पूर्वतयारी कित्येक महिने, आणि प्रसंगी कित्येक वर्षे, जंगलाच्या मातीत आणि पालापाचोळ्यात चाललेली असते. आग विझल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो ठिणगी कोठून पडली हा. चौकशीच्या दृष्टीने तो आवश्यकही असतो. परंतु तशाच ठिणग्या त्याच डोंगरांवर आधीच्या वर्षांत अनेकदा पडल्या असताना तेव्हा त्या जागच्या जागी का विझल्या आणि या वेळी त्यांतून महिनोन्‌महिने न विझणारा वणवा का उभा राहिला, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात २०१९ च्या हिवाळ्यापासून मार्च २०२० पर्यंत चाललेला, ‘ब्लॅक समर’ म्हणून ओळखला जाणारा वणवा-हंगाम या प्रश्नाचे उत्तर जितक्या स्पष्टपणे देतो, तितके क्वचितच दुसरी एखादी घटना देते. ते उत्तर असे की वणव्याची व्याप्ती ठरवतो तो ओलावा. दुष्काळ जंगलाला केवळ सुकवत नाही, तर आगीला अडवणाऱ्या त्याच्या नैसर्गिक भिंतीच काढून घेतो.

या हंगामात देशभरात सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर भूमी जळाल्याचे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चौकशी आयोगाने नमूद केले आहे. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाच्या तीन चतुर्थांशाहून अधिक भरते. त्यात उत्तरेकडील गवताळ प्रदेशातील दरवर्षीच्या आगीही मोजलेल्या असल्या, तरी एकट्या न्यू साउथ वेल्स राज्यात जळालेले सुमारे ५५ लाख हेक्टर क्षेत्र जवळजवळ हिमाचल प्रदेशाएवढे आहे. आगीत प्रत्यक्ष ३३ माणसे दगावली, त्यांत नऊ जण आग विझवणारे होते. तीन हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. समशीतोष्ण पट्ट्यातील रुंदपर्णी अरण्यांचा सुमारे २१ टक्के भाग या एका हंगामात जळाला, एरवी हे प्रमाण वर्षाला दोन टक्क्यांच्याही आत असते.

दोन प्रकारचे वणवे, दोन प्रकारची कारणे

ऑस्ट्रेलियात वणवा नवा नाही, आणि प्रत्येक मोठा वणवा दुष्काळातूनच उद्भवतो असेही नाही. १९७४-७५ मध्ये त्या खंडाचा सुमारे १५ टक्के भाग, म्हणजे जवळपास ११ कोटी ७० लाख हेक्टर, जळाला होता. ते वर्ष दुष्काळाचे नव्हते. उलट त्याआधी अंतर्भागातील रुक्ष प्रदेशात विपुल पाऊस पडून सर्वत्र गवत माजले होते, आणि ते गवत वाळताच आगीने ते व्यापले. अशा रुक्ष प्रदेशात हवा आणि माती बहुतेक काळ कोरडीच असते, उणीव असते ती जळण्याजोग्या वनस्पतींची. त्यामुळे तेथे वणव्याला इंधनाची मर्यादा असते आणि मोठा वणवा सुकाळाच्या पाठोपाठ येतो.

आग्नेय किनाऱ्यालगतच्या पर्वतराजीत नेमकी उलट स्थिती आहे. तेथील निलगिरीच्या उंच अरण्यांत पालापाचोळा, काटक्या, सोलवटून लोंबणारी साल आणि वठलेली खोडे यांचा साठा नेहमीच मुबलक असतो, मात्र तो सहसा दमट असतो. म्हणजे तेथे वणव्याला मर्यादा इंधनाची नसून ओलाव्याची असते, आणि ती मर्यादा उठते ती दीर्घ दुष्काळानंतरच. या प्रदेशातील १९३९, १९८३ आणि २००९ या तिन्ही भीषण वणव्यांच्या पाठीशी दुष्काळ होता. २००९ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारीच्या एका दिवशी पेटलेल्या वणव्यांनी १७३ बळी घेतले. मनुष्यहानीच्या दृष्टीने तो दिवस अधिक भीषण होता. परंतु अरण्य किती जळाले आणि आग किती काळ टिकली, या दोन्ही बाबतींत २०१९-२० च्या हंगामाची बरोबरी अलीकडच्या इतिहासातील कोणत्याही वणव्याला करता येत नाही.

तीन वर्षांचा दुष्काळ

या हंगामाची सुरुवात, वस्तुतः, २०१७ मध्ये झाली. त्या वर्षापासून आग्नेय ऑस्ट्रेलियात थंडीच्या महिन्यांतील पाऊस लागोपाठ तीन वर्षे हुकला. दक्षिण गोलार्धात ऋतुचक्र उलटे असल्याने तेथे जून ते ऑगस्ट हा हिवाळा आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा असतो. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात झिमझिम पडणारा पाऊस कमी बाष्पीभवनामुळे जमिनीत खोल मुरतो, नद्या आणि धरणे भरतो, आणि उन्हाळ्यात झाडांना पुरेल एवढी ओल मागे ठेवतो. गेल्या शतकाच्या अखेरीपासून आग्नेय ऑस्ट्रेलियातील याच काळातील पाऊस सुमारे १२ टक्क्यांनी घटलेला असताना त्यात हे तीन अवर्षणाचे हिवाळे पडले, आणि मरे-डार्लिंग या देशातील प्रमुख कृषिखोऱ्याने २०१७ ते २०१९ ही नोंदींतील सर्वांत कोरडी तीन वर्षे अनुभवली.

दुष्काळाची खूण प्रथम पाण्यात दिसली. २०१८ च्या डिसेंबरपासून पुढच्या महिन्यापर्यंत डार्लिंग नदीवरील मेनिंडी येथे लाखो मासे प्राणवायूअभावी मरून पृष्ठभागावर तरंगू लागले, कारण वाहते पाणी थांबून उरलेल्या डोहांत शेवाळ माजले होते. २०१९ मध्ये देशभराचा सरासरी पाऊस केवळ २७७.६ मिलिमीटर झाला. हे प्रमाण दीर्घकालीन सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते आणि १९०२ चा नीचांक त्याने बराच मागे टाकला. त्याच वर्षी देशाचे सरासरी तापमान १९६१ ते १९९० या काळाच्या सरासरीपेक्षा १.५२ अंश सेल्सिअसने अधिक राहिले, म्हणजे ते नोंदींतील सर्वांत कोरडे आणि सर्वांत उष्ण असे दोन्ही ठरले. या दोन गोष्टी एकत्र येणे विशेष घातक असते, कारण पावसाची तूट मातीत येणारी ओल घटवते, तर उष्णता असलेली ओल अधिक वेगाने उपसून नेते.

हिंदी महासागरातील असमतोल आणि दूरवरची हवा

२०१९ च्या उत्तरार्धातील अवर्षणाचे कारण शोधताना लक्ष प्रशांत महासागरातील ‘एल निनो’कडे जाणे स्वाभाविक आहे, परंतु त्या काळात प्रशांत महासागर तटस्थ अवस्थेत होता. असमतोल होता तो हिंदी महासागरात. या महासागराचा आफ्रिकेकडील भाग नेहमीपेक्षा उबदार आणि इंडोनेशियाकडील भाग नेहमीपेक्षा थंड झाला, की त्या स्थितीला ‘इंडियन ओशन डायपोल’ची, म्हणजे हिंदी महासागरीय द्विध्रुवाची, धन अवस्था म्हणतात. हा आकृतिबंध १९९९ मध्ये एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि तोशिओ यामागाता यांनी शास्त्रीय जगापुढे मांडला. त्यांतील गोस्वामी पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे संचालक झाले. धन अवस्थेत ढगांची निर्मिती पश्चिमेकडे सरकते, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्यावरील हवा वरून खाली बसू लागते, आणि ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारे पावसाचे ढगपट्टे बनेनासे होतात.

२०१९ ची धन अवस्था नोंदींतील सर्वांत तीव्र अवस्थांपैकी एक होती, आणि तिचे परिणाम महासागराच्या तिन्ही बाजूंना उमटले. पूर्व आफ्रिकेत महापूर आले. भारतात जूनमधील मोठी तूट भरून काढून मोसमी पाऊस सरासरीच्या ११० टक्के झाला, अरबी समुद्रात ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे लागोपाठ उठली, आणि परतीच्या पावसाने लांबलेल्या मुक्कामात महाराष्ट्रातील उभ्या आणि कापून ठेवलेल्या सोयाबीनची नासाडी केली. मोसमी वाऱ्यांची माघार त्या वर्षी ९ ऑक्टोबरला सुरू झाली, म्हणजे त्या वेळच्या सर्वसाधारण तारखेपेक्षा महिन्याहून अधिक उशिरा. या विलंबाचा ऑस्ट्रेलियाशी थेट संबंध आहे, कारण भारतावरून मागे फिरणारी ही पर्जन्यप्रणालीच पुढे विषुववृत्त ओलांडून उत्तर ऑस्ट्रेलियाचा पावसाळा घडवते. ती भारतात रेंगाळली, तेव्हा डिसेंबर सरला तरी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत पावसाळा स्थिरावला नव्हता. निरभ्र आकाशाखाली खंडाचा मध्यभाग तापत राहिला आणि ती तापलेली हवा दक्षिणेकडे व आग्नेयेकडे वाहू लागली. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला नकोसा झालेला पाऊस आणि न्यू साउथ वेल्सच्या शेतकऱ्याला न मिळालेला पाऊस या दोन्हींमागे अशा रीतीने एकाच महासागराच्या तापमानातील असमतोल होता.

यात तिसऱ्या घटकाची भर दक्षिण ध्रुवाकडून पडली. सप्टेंबर २०१९ मध्ये अंटार्क्टिकावरील स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा हवामान घडवणाऱ्या थराच्या वरचा थर, अकस्मात तापला. उत्तर ध्रुवावर अशा घटना वारंवार घडतात, दक्षिणेत मात्र त्या अत्यंत विरळा आहेत. त्याच्या परिणामी ध्रुवाभोवती वाहणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा पुढील काही महिने विषुववृत्ताच्या दिशेने सरकून राहिला. हे वारे खंडाच्या कोरड्या अंतर्भागावरून वाहत येत असल्याने पूर्व किनाऱ्याला समुद्राच्या दमट हवेऐवजी वाळवंटी वाऱ्याचा मारा सोसावा लागला. हे तिन्ही घटक नैसर्गिक चढउतारांचे असले, तरी ते ज्या हवेत घडले ती हवा मानवनिर्मित तापमानवाढीमुळे आधीच उष्ण झालेली होती. हवामानशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने केलेल्या विश्लेषणानुसार आग्नेय ऑस्ट्रेलियात एवढे वणवापोषक हवामान उद्भवण्याची शक्यता १९०० च्या तुलनेत किमान ३० टक्क्यांनी वाढली आहे.

इंधनातील ओल आणि जंगलातील भिंती

वनस्पतीत किंवा पालापाचोळ्यात जेवढे पाणी असते, तेवढे आधी वाफ होऊन गेल्याशिवाय ज्वाला पुढे सरकू शकत नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ करण्यासाठी सुमारे ५४० कॅलरी उष्णता खर्ची पडते, म्हणूनच ओली लाकडे घातलेली चूल धुराने घर भरते पण पेट घेत नाही. जमिनीवरील पालापाचोळ्यातील पाण्याचे वजन त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्क्यांहून अधिक असेल, तर आग पसरत नाही; ते १० टक्क्यांच्या खाली गेले, तर वाऱ्यावर उडालेला लहानसा निखाराही नवी आग पेटवण्यास पुरतो.

मृत पालापाचोळ्याची ओल हवेवर अवलंबून असते आणि काही तासांत किंवा दिवसांत बदलते. हवा जितके बाष्प धारण करू शकते आणि तिच्यात प्रत्यक्षात जितके असते, यांतील अंतराला बाष्पदाबाची तूट म्हणतात. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्पधारणक्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पाऊस तेवढाच राहिला तरी तापलेली हवा जंगलातून अधिक ओल शोषून घेते. जिवंत पाने आणि फांद्या यांची ओल मात्र मुळांना मातीतून मिळणाऱ्या पाण्यावर टिकते आणि ती घटायला महिने लागतात. झाडे प्रथम पर्णरंध्रे मिटून पाणी वाचवतात, मग पाने गाळतात, आणि शेवटी शेंड्याकडून वाळू लागतात. गळलेली पाने जमिनीवरच्या इंधनात भर घालतात, तर विरळ झालेल्या छत्रामुळे ऊन आणि वारा थेट जमिनीपर्यंत पोहोचतात.

या प्रक्रियेचा सर्वांत महत्त्वाचा परिणाम एखाद्या झाडावर नव्हे, तर संपूर्ण भूप्रदेशावर होतो. सर्वसाधारण वर्षी डोंगराळ अरण्य ओलाव्याच्या दृष्टीने एकसारखे नसते. उन्हाकडे तोंड केलेले माथे वाळलेले असले तरी घळी, ओहोळ, दलदली, सदाहरित वर्षावनांचे पट्टे आणि सावलीतले दक्षिण उतार दमट असतात. माथ्यावर पेटलेली आग उतरत उतरत घळीपाशी येऊन मंदावते, आणि वनविभागाने आखलेल्या जाळरेषेचे काम तेथे निसर्गच करतो. अशा ओल्या पट्ट्यांनी अरण्य जणू लहान लहान कप्प्यांत विभागलेले असते, म्हणून वीज पडून लागलेली बहुतेक आग एका कप्प्यापुरती राहते. २०१९ च्या अखेरीस हे कप्पे उरले नाहीत. माथे, उतार, घळी आणि वर्षावने यांतील ओल एकाच वेळी धोक्याच्या पातळीखाली गेली आणि शेकडो किलोमीटरचे अरण्य इंधनाचा एकच अखंड पट्टा बनले.

याचे दोन पुरावे हंगामाच्या प्रारंभीच मिळाले होते. क्वीन्सलँड राज्यातील बिना बुरा येथील, १९३३ पासून चालत आलेले पर्यटकनिवास ८ सप्टेंबर २०१९ रोजी जळून खाक झाले. ते ज्या लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला होते, तेथील वर्षावने गोंडवन या प्राचीन महाखंडाचा वारसा सांगणारी असून दमटपणामुळे ती आगीपासून सुरक्षित मानली जात. दुसरा पुरावा पोर्ट मॅक्वारी या किनारी शहराजवळचा. तेथे १८ जुलै रोजी, म्हणजे ऐन हिवाळ्यात, विजेमुळे लागलेली आग वाळलेल्या दलदलीत शिरली आणि जमिनीखालील पीटमध्ये, म्हणजे हजारो वर्षांत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, धुमसत राहिली. वरून मारलेले पाणी खालच्या थरापर्यंत पोहोचत नसल्याने अखेरीस शुद्ध केलेले सांडपाणी नळांतून आणून ती दलदल भरावी लागली, आणि फेब्रुवारीतील मुसळधार पावसाची जोड मिळाल्यावर २१० दिवसांनी ती आग विझल्याचे जाहीर झाले. ८५८ हेक्टरांची ही आग त्या हंगामातील अवाढव्य आगींपुढे किरकोळच होती. परंतु ज्या जागी एरवी पाणी साठून असायचे तेथेच सात महिने आग राहिली, ही बाब दुष्काळाची खोली सांगण्यास पुरेशी आहे.

आगींचे एकत्रीकरण

२६ ऑक्टोबर २०१९ रोजी सिडनीच्या वायव्येस, वोलेमाय राष्ट्रीय उद्यानातील गॉस्पर्स माउंटन या दुर्गम भागात वीज पडून आग लागली. पाऊस जमिनीवर पोहोचण्याआधीच कोरड्या हवेत विरून जातो आणि वीज मात्र पडते, अशा ‘कोरड्या’ गडगडाटी वादळांनी त्या हंगामातील बहुतेक मोठे वणवे पेटवले. मुद्दाम आगी लावणाऱ्यांमुळेच हे संकट ओढवले, असा प्रचार समाजमाध्यमांतून त्या वेळी जोरात झाला. न्यू साउथ वेल्सच्या चौकशीने मात्र मोठ्या वणव्यांच्या बाबतीत वीज हेच प्रमुख कारण असल्याचे दाखवून दिले. महाराष्ट्रातील कोरड्या पानझडी जंगलांत वणवे बहुधा माणसाच्या हातून लागतात आणि प्रामुख्याने जमिनीलगत पसरतात, ऑस्ट्रेलियातील हे वणवे मात्र दुर्गम पठारांवर विजेने लागून शेंड्यांपर्यंत चढले. गॉस्पर्स माउंटनची आग आसपासच्या आगींना मिळत गेली आणि पाच लाख हेक्टरांहून अधिक अरण्य, म्हणजे गोवा राज्यापेक्षा बरेच मोठे क्षेत्र, तिने गिळले.

११ नोव्हेंबरला न्यू साउथ वेल्सने आणीबाणी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवसासाठी सिडनी परिसराला ‘विनाशकारी’ ही सर्वोच्च धोकापातळी प्रथमच लागू झाली. ही श्रेणी २००९ च्या वणव्यानंतर अस्तित्वात आली होती. तिचा आधार ॲलन मॅकआर्थर या वनशास्त्रज्ञाने बसवलेला निर्देशांक होता, ज्यात तापमान, आर्द्रता, वारा आणि दुष्काळ यांची सांगड घालून १९३९ च्या वणव्यातील परिस्थितीला १०० हे मूल्य दिलेले होते. १८ डिसेंबर रोजी देशभरातील कमाल तापमानाची सरासरी ४१.९ अंशांवर पोहोचली, आदल्याच दिवशी प्रस्थापित झालेला ४०.९ अंशांचा उच्चांक तिने मोडला. ४ जानेवारीला सिडनीच्या पश्चिमेकडील पेनरिथ येथे ४८.९ अंशांची नोंद झाली.

३१ डिसेंबरची सकाळ व्हिक्टोरियाच्या मॅलाकूटा या किनारी गावात उजाडलीच नाही. आगीने गावाकडे येणारा एकमेव मोठा रस्ता बंद केला होता, आणि सुमारे चार हजार रहिवासी व पर्यटक पाण्याच्या कडेला गोळा झाले होते. धुराने आकाश आधी काळे आणि नंतर लालभडक झाले, गरज पडली तर थेट पाण्यात उतरण्याच्या तयारीने लोक ओले कपडे नाकातोंडाला लावून थांबले. वारा फिरल्यामुळे गावाचा मोठा भाग वाचला, तरी बाहेर पडण्याचा मार्ग नसल्याने ३ जानेवारीला नौदलाच्या ‘चूल्स’ या जहाजातून हजाराहून अधिक लोकांना हलवावे लागले.

आगीने घडवलेले हवामान

विशिष्ट तीव्रतेपलीकडे वणवा हवामानाच्या अधीन राहत नाही, तो स्वतःचे हवामान घडवू लागतो. निलगिरीच्या पानांतील तेल उष्णतेने वायुरूप होऊन ज्वालेला बळ देते आणि सालीच्या पेटत्या पट्ट्या वाऱ्यावर उडून मुख्य आगीच्या कित्येक किलोमीटर पुढे नव्या आगी लावतात, त्यामुळे रस्ता, नदी किंवा जाळरेषा यांपैकी काहीही खात्रीचा अडसर ठरत नाही. चढणीवर ज्वाला पुढच्या इंधनाला आधीच तापवत असल्याने दर दहा अंश उतारामागे आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. असंख्य आगी एकमेकींना मिळाल्या की तापलेल्या हवेचा प्रचंड स्तंभ वर चढतो, त्यातील बाष्प थंड होऊन ढग बनतो, आणि त्यातून विजा आणि अनिश्चित दिशांचे झंझावात उत्पन्न होतात. अशा अग्निजन्य गडगडाटी ढगाला ‘पायरोक्युम्युलोनिम्बस’ म्हणतात. डिसेंबरअखेर न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया यांच्या सीमेजवळ अशाच एका आगीतून उठलेल्या वावटळीने अनेक टनांचा अग्निशमन ट्रक उलटवला आणि त्यात एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला.

२९ ते ३१ डिसेंबर आणि ४ जानेवारी या दिवसांत असे ढग मोठ्या संख्येने निर्माण झाले आणि त्यांनी मध्यम आकाराच्या ज्वालामुखी उद्रेकाइतका धूर स्थितांबरात लोटला. त्यातील काजळी सूर्याची उष्णता शोषून स्वतःभोवतीची हवा तापवत राहिल्याने सुमारे एक हजार किलोमीटर रुंदीचा धुराचा एक भोवरा आपोआप वर चढत सुमारे ३५ किलोमीटर उंचीपर्यंत गेला आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. खालच्या थरातील धुराने न्यूझीलंडच्या हिमनद्या तपकिरी केल्या, तर पुढे तो चिली आणि अर्जेंटिनापर्यंत पोहोचला. धुरातील लोहकणांमुळे दक्षिण महासागरात सूक्ष्म वनस्पतिप्लवकांची मोठी वाढ झाल्याचे उपग्रहांनी टिपले.

नोंदींत न मावणारी हानी

आगीच्या ज्वाळांपेक्षा तिच्या धुराने अधिक माणसे मारली, ही या हंगामाची फारशी न बोलली गेलेली बाजू आहे. सिडनी, कॅनबेरा आणि मेलबर्न ही शहरे अनेक आठवडे धुराखाली राहिली, आणि सूक्ष्म कणांमुळे उद्भवलेल्या हृदयविकार व श्वसनविकारांनी ४०० हून अधिक अकाली मृत्यू झाल्याचा अंदाज वैद्यकीय संशोधकांनी मांडला आहे. वणव्याच्या मृतांची संख्या मोजताना हे मृत्यू सहसा धरले जात नाहीत, कारण ते आगीपासून दूर, घरात किंवा रुग्णालयात, आणि इतर आजारांच्या नावाखाली होतात. वातावरणात सोडला गेलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे ७१ कोटी ५० लाख टन असल्याचे उपग्रहीय मोजणीवरून निघाले. ऑस्ट्रेलियाच्या संपूर्ण वर्षाच्या औद्योगिक व इतर उत्सर्जनापेक्षा ते अधिक होते.

वन्यजीवांच्या बाबतीत, सुमारे तीन अब्ज प्राणी मारले गेले किंवा विस्थापित झाले असा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य सरडे-पालींसारखे सरपटणारे जीव होते, आणि वाचलेल्यांनाही आसरा व अन्न नष्ट झाल्याने उपासमार आणि शिकारी प्राणी यांना तोंड द्यावे लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेश येथील कोआला ‘संकटग्रस्त’ म्हणून घोषित झाला. निलगिरीची बहुतेक झाडे खोडातील सुप्त कळ्यांमधून पुन्हा फुटतात, त्यामुळे काही महिन्यांत काळ्या खोडांवर हिरवी पालवी दिसू लागली. परंतु वर्षावनातील ज्या जाती आगीच्या सहवासात उत्क्रांत झालेल्या नाहीत, त्यांच्याजवळ ही क्षमता नाही. गोंडवन वर्षावनांच्या जागतिक वारसा क्षेत्राचा निम्म्याहून अधिक भाग आगीच्या कचाट्यात आला, तर ब्लू माउंटन्सच्या वारसा क्षेत्राचा सुमारे ८० टक्के भाग जळाला.

त्याच ब्लू माउंटन्स परिसरातील एका गुप्त ठेवलेल्या घळीत वोलेमाय पाइन हे वृक्ष आहेत. डायनोसॉरच्या काळापासून अस्तित्वात असलेली ही प्रजाती केवळ जीवाश्मांतून ज्ञात होती, १९९४ मध्ये तिची जिवंत झाडे सापडली, आणि निसर्गात तिची प्रौढ झाडे दोनशेही नाहीत. गॉस्पर्स माउंटनची आग त्या घळीकडे सरकू लागली, तेव्हा विमानांनी आगरोधक द्रव्य फवारले, हेलिकॉप्टरमधून दोरांनी उतरलेल्या कर्मचाऱ्यांनी ओहोळातून पाणी उपसणारी सिंचन व्यवस्था बसवली आणि जमीन भिजवून ठेवली. काही खोडे होरपळली, पण वृक्षसमूह वाचला. ज्या घळीने स्वतःच्या ओलाव्यावर लक्षावधी वर्षे या प्रजातीला सांभाळले, तेथे आता तो ओलावा माणसाला पंपाने पुरवावा लागला. दुष्काळाने घळींचे संरक्षण कसे काढून घेतले, याचे यापेक्षा नेमके उदाहरण मिळणार नाही.

उपायांची क्षमता आणि मर्यादा

न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन सेवेत सत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत, आणि हंगामाचा भार मुख्यतः त्यांनीच, नोकऱ्या आणि शेती बाजूला ठेवून, महिनोन्‌महिने वाहिला. तरीही मोठ्या आगी त्यांनी विझवल्या असे म्हणता येणार नाही. त्यांनी वस्त्या वाचवल्या, माणसे हलवली आणि आगीची दिशा शक्य तेथे वळवली. अखेर ७ ते ९ फेब्रुवारी २०२० या दिवसांत सिडनीवर सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि बहुतेक आगी आटोक्यात आल्या. मार्चच्या प्रारंभी, आठ महिन्यांनी प्रथमच, राज्यात एकही आग सुरू नसल्याचे जाहीर झाले.

हंगामानंतर सर्वाधिक वाद झाला तो नियंत्रित जाळणीवर, म्हणजे थंडीच्या दिवसांत मुद्दाम सौम्य आग लावून पालापाचोळा कमी करण्याच्या पद्धतीवर. ही पद्धत निरर्थक नाही. काही वर्षे तिच्यामुळे आगीची तीव्रता घटते आणि वस्त्यांलगत ती विशेष उपयोगी पडते. अत्यंत प्रतिकूल हवामानात मात्र अशा जाळलेल्या पट्ट्यांवरूनही निखारे उडून जातात. शिवाय जाळणीला दिवस असे लागतात की इंधन पेटेल इतके कोरडे पण भडकणार नाही इतके दमट असेल, आणि दुष्काळात असे दिवसच कमी होतात. म्हणजे ज्या वर्षी जाळणीची निकड सर्वाधिक असते, त्याच वर्षी ती करणे सर्वाधिक धोक्याचे ठरते.

या संदर्भात ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासी समाजांचे अग्निज्ञान पुन्हा विचारात घेतले जात आहे. किमान पन्नास हजार वर्षे त्या भूमीवर राहणाऱ्या या समाजांनी लहान लहान तुकड्यांत, ठरावीक ऋतूत, पायी चालत सोबत करता येईल इतकी मंद आग लावून अरण्याची मांडणी सांभाळली होती. युरोपीय वसाहतीने त्यांना भूमीपासून तोडले आणि ही पद्धत बहुतेक ठिकाणी खंडित झाली. तिचे मर्म किती हेक्टर जाळले यात नसून कोणता तुकडा केव्हा जाळायचा आणि कोणता मुळीच जाळायचा नाही हे ओळखण्यात आहे, आणि ते ओळखण्यासाठी गवताची, मातीची व पानांची ओल हातांनी पारखणारी, त्या जागेशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली माणसे लागतात. म्हणून तिचे पुनरुज्जीवन हा केवळ तंत्राचा प्रश्न नसून मूलनिवासींच्या भूमीवरील अधिकाराचाही प्रश्न आहे.

राष्ट्रीय चौकशी आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये ८० शिफारशी केल्या. त्यांत राज्याराज्यांतील समन्वय, देशातच असणारी अग्निशमन विमाने, हवेच्या गुणवत्तेची एकसमान माहिती आणि एकसारखी धोकासूचना यांवर भर होता. सप्टेंबर २०२२ पासून देशभर नवी धोकाश्रेणी लागूही झाली. पाठोपाठ तीन वर्षे ‘ला निना’मुळे अतिवृष्टी झाली, पूर आले, आणि लोकांच्या मनातील वणव्याचे भय ओसरले, अरण्यात मात्र त्याच पावसावर नव्या इंधनाची वाढ होत राहिली.

वणव्याविरुद्धची तयारी आज बहुतेक देशांत उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू होते आणि ती यंत्रे, मनुष्यबळ व सूचनायंत्रणा यांभोवती फिरते. ऑस्ट्रेलियाचा हंगाम दाखवतो की निर्णायक माहिती त्याच्या कितीतरी आधी उपलब्ध असते. मातीतील ओल, नद्यांचा प्रवाह, झाडांच्या पानांतील पाणी आणि महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान यांचे मोजमाप आज उपग्रहांनी आणि जमिनीवरील केंद्रांनी नित्य होते. घळी वाळत चालल्याचे त्यातून महिनेभर आधी कळू शकते. दुष्काळाची घोषणा शेती आणि पिण्याचे पाणी यांपुरती न ठेवता तीच वणव्याची पहिली घोषणा मानणे, दुसऱ्या कोरड्या हिवाळ्यानंतर वस्त्यांभोवतीची तयारी पूर्ण करणे आणि ओलाव्याचे शेवटचे आश्रय असलेल्या घळी व वर्षावने यांच्या रक्षणाला अग्रक्रम देणे, हे त्या माहितीचे व्यवहारातील रूप ठरेल. अर्थात हवा तापत राहिली, तर ही सारी तयारी दरवर्षी थोडी अधिक अपुरी पडत जाईल, कारण तापलेल्या हवेची तहान कोणतेही अग्निशमन दल भागवू शकत नाही. त्यामुळे हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करणे हा वणवा-नियंत्रणाहून वेगळा विषय राहिलेला नाही. तो त्याच नियंत्रणाचा पहिला आणि सर्वांत दीर्घकाळ चालणारा भाग आहे.